सकाळी पाच जण, पाच वेळा! आदल्या दिवशी करून ठेवण्याजोगं पोटभरीचं काय करता?

धुऱ्यावरची | १४ नोव्हेंबर, रात्री १०.२०

नमस्कार मंडळी. तीन-चार वर्षं नुसती वाचतेच आहे, आज पहिल्यांदा धागा काढते. चुकलं-माकलं सांभाळून घ्या.

आम्ही यवतमाळ जिल्ह्यात, घाटंजीच्या पुढे. सध्या कापसाची वेचणी सुरू आहे, हरभरा पेरून झाला. घरची सकाळ अशी: मोठी अकरावीत, तिची पावणेसातची एसटी. ह्यांना या आठवड्यात शेतीपंपाच्या लाईनची रात्रपाळी, म्हणजे रात्रभर ओलीत करून (पिकाला पाणी देऊन) पाचला घरी येतात, चहा पितात अन् आडवे होतात. सासूबाई बायांसोबत आठला वेचणीला. लहान्या जिल्हा परिषदेच्या शाळेत, दहाला. मामाजी (सासरे) माळकरी, पूजा झाल्याशिवाय तोंडात काही घालत नाहीत, म्हणजे नऊ. मी सगळ्यांच्या मधात कुठंतरी उभ्याउभ्या.

खातात काय, तर पोहे. नाहीतर रात्रीच्या पोळीचा कुस्करा. तेही नसलं तर चहात बुडवून टोस्ट. मोठीने परवा सांगितलं, "मम्मी, तिसऱ्या तासाला डोळ्यासमोर अंधारी येते." कॉलेजात तपासणी झाली तेव्हा हिमोग्लोबिन ९.४ निघालं. तपासणाऱ्या बाई म्हणाल्या, सकाळी प्रोटीन द्या, नुसते पोहे नको.

बरं, व्हिडिओ पाहायला जावं तर त्यात ओट्स, पनीर, ग्रीक दही अन् डबे भरून फ्रिज. आमच्या घरी फ्रिज आहे, पण लाईट दुपारी जाते ती कधी येईल नेम नाही. घरात तूर आहे, मूग आहे, फल्ली (शेंगदाणे) आहे, सोयाबीनची तर आठ पोती पडून आहेत, भाव नाही म्हणून. यातून आदल्या दिवशी करून ठेवता येईल असं सांगा.

पाटवडी_प्रेमी | १४ नोव्हेंबर, रात्री १०.५१

ताई, घरात बेसन असताना हा प्रश्न? पाटवडी!

रात्रीचा स्वयंपाक झाला की त्याच शेगडीवर दहा मिनिटांचं काम. तेलात मोहरी-जिरं, लसूण-मिरचीचा ठेचा, हळद. एक वाटी बेसनाला पावणेदोन वाटी पाणी, मीठ. पाण्याला खळखळ उकळी आली की एका हाताने बेसन सोडायचं अन् दुसऱ्या हाताने सराटा थांबू द्यायचा नाही. गुठळी झाली तर बायकोला हाक मारायची नाही, स्वतःच मोडायची (अनुभव). झाकण ठेवून पाच-सात मिनिटं वाफ, मग तेल लावलेल्या ताटात थापून वरून खोबरं-सांभार (कोथिंबीर). सकाळी सुरीने कापा, पोरीच्या डब्यात चार वड्या टाका. रस्सा-बिस्सा रविवारी.

नागपुरी_तर्री | १४ नोव्हेंबर, रात्री ११.१५

पोह्यांना नावं ठेवू नका हो, पोह्यांवर चना टाका. रात्री चना भिजवा, सकाळी कुकरला लावा, पोह्यांवर चना आणि तर्री. तर्री थोडी पातळ ठेवा, नाहीतर एसटीत घशाशी येते.

आहारवही | १५ नोव्हेंबर, सकाळी ७.०५

मी अमरावतीला आहारतज्ज्ञ म्हणून काम करते. आधी एक गोष्ट वेगळी करते. हिमोग्लोबिन ९.४ म्हणजे मुळात लोहाचा प्रश्न दिसतो. त्या वयाच्या मुलीचं १२ च्या वर हवं. प्रोटीन द्याच, पण नुसत्या नाश्त्याने ९.४ चं १२ होणार नाही. प्राथमिक आरोग्य केंद्रात दाखवा. गोळ्या दिल्या तर महिनाभर घेऊन सोडू नका, सांगतील तितके दिवस घ्या. आणि गोळी किंवा जेवण, दोन्हीच्या आगेमागे तासभर चहा नको. चहा लोह अंगी लागू देत नाही, लिंबू लागू देतं. नाश्त्यावर लिंबू पिळायची सवय लावा.

आता प्रोटीन. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२० च्या शिफारशीनुसार मोठ्या माणसाला दर किलो वजनामागे दिवसाला ०.८३ ग्रॅम लागतं. ५५ किलोच्या बाईला ४६ ग्रॅम, ६५ किलोच्या पुरुषाला ५४. त्यातलं १२ ते १५ सकाळी पोटात गेलं तर दुपारपर्यंत पोटाला आधार राहतो.

तुमच्या कोठीतलाच हिशोब करू. १०० ग्रॅम कोरड्या वस्तूत ढोबळमानाने: तूर २२, मूग २४, हरभरा डाळ २१, फल्लीदाणे २५, तीळ आणि जवस १८ च्या आसपास, सोयाबीन ३६ च्या वर. ज्वारी १०, गहू ११-१२, पोहे ७. साबुदाणा जवळजवळ शून्य, त्याला जे काही आहे ते दाण्याच्या कुटाचं. एका अंड्यात ६. म्हशीच्या पेलाभर दुधात ७-८.

म्हणजे बशीभर पोहे ४ ग्रॅम. त्यात मूठभर दाणे टाकले की ९-१०. नागपुरी_तर्री म्हणतात ते खरंच आहे.

डाळ आणि धान्य मात्र सोबत खा. धान्यात जे कमी ते डाळीत आहे, डाळीत जे कमी ते धान्यात. वरण-भात, झुणका-भाकर ही जोडी आपल्या आजीला कुणी शिकवायला आलं नव्हतं.

भरतीवाला | १५ नोव्हेंबर, सकाळी ८.४०

म्याडम एक इचारू का? मी पोलीस भरतीची तयारी करून राह्यलो. पहाटे पाचले रोडवर पळतो. आल्यावर भिजवलेला कच्चा चना, गूळ अन् दोन कच्चे अंडे दुधात फेटून घेतो. दोस्त म्हणते का कच्च्यातच ताकद असते. पोट मात्र दिवसभर गुडगुड करते.

आहारवही | १५ नोव्हेंबर, सकाळी ९.१०

पोट गुडगुडतं ते बरोबरच गुडगुडतं. अंडी उकडून खा. उकडलेल्या अंड्यातलं प्रोटीन जवळजवळ सगळं अंगी लागतं, कच्च्यातलं निम्म्याच्या आसपास. वरून जंतुसंसर्गाची भीती. चना उकडा, भिजवलेलं पाणी फेकून द्या, गॅस कमी होईल. गूळ राहू द्या. आणि त्या पावडरच्या डब्यापायी बापाच्या खिशाला हात लावू नका.

भरतीवाला | १५ नोव्हेंबर, सकाळी ९.१४

डबा दोस्तानं सांगितलाच होता 😅 बापाले इचाराची हिंमत नाई झाली.

जवसफुल | १५ नोव्हेंबर, दुपारी २.३०

बुलडाण्याहून. माझी दोन्ही पोरं वसतिगृहात आहेत, त्यांच्यासाठी दर पंधरवड्याला लाडू करते. पाव किलो सोललेले फुटाणे, पाव किलो फल्ली, १०० ग्रॅम तीळ, ५० ग्रॅम जवस. सगळं वेगवेगळं भाजायचं. एकत्र भाजलं की तीळ करपतात अन् फल्ली कच्ची राहते. फल्लीची टरफलं फुंकून काढली तर बरं, नाही काढली तरी काही बिघडत नाही. मिक्सरमधून भरड काढायची, ३०० ग्रॅम किसलेला गूळ घालून पुन्हा एकदा फिरवायचं. तेल सुटतं, तूप चमचा-दोन चमचे पुरतं. २४-२५ लाडू होतात. आहारवही ताईंचा हिशोब लावून पाहिला तर एका लाडवात साडेपाच-सहा ग्रॅम बसतं. दोन लाडू अन् पेलाभर दूध, झाली की मोठीची एसटी.

थंडीत वीस दिवस सहज राहतात. उन्हाळ्यात जवस घालू नका, आठ दिवसांत खवट वास मारतो.

झाडीपट्टीचा | १५ नोव्हेंबर, संध्याकाळी ६.१२

आम्ही भंडाऱ्याकडचे, सकाळी भातच. रात्रीच्या भाताला फोडणी, सोबत लाखोळीच्या डाळीचे वडे. लाखोळी चालेल का नाश्त्याला? ती पण डाळच आहे, प्रोटीन भरपूर असेल.

आहारवही | १५ नोव्हेंबर, रात्री ९.००

प्रोटीन भरपूर आहे, पण लाखोळी रोजचा आधार करू नका. तिच्यात एक विषारी घटक असतो. महिनोन्‌महिने तीच मुख्य अन्न म्हणून खाल्ली तर पायातली ताकद जाते, आणि गेलेली परत येत नाही. दुष्काळात असे लोक पाहिलेत. गरम पाण्यात भिजवून ते पाणी फेकल्याने तो घटक बराच कमी होतो. कधीमधी सणाला वडे खाल्ले तर घाबरायचं कारण नाही. रोज मात्र तूर-मूग-हरभराच.

आणि रात्रीचा भात झाकून चुलीजवळ उबेत ठेवू नका. उरला की लगेच परातीत पसरून गार करा. पहाटेपर्यंत कोमट राहिलेला भात फोडणीने सुधारत नाही.

पुण्यातला_वऱ्हाडी | १६ नोव्हेंबर, सकाळी १०.४५

अरे इतकं काय त्यात? रविवारी सहा दिवसांचं करून ठेवायचं. मुगाचे चिले करून मध्ये बटर पेपर, फ्रीझरमध्ये. अंड्याचे मफिन. पनीर भुर्जी हवाबंद डब्यात. रोज सकाळी दोन मिनिटं मायक्रोवेव्ह. आम्ही दोघं नोकरी करून हेच करतो.

पाटवडी_प्रेमी | १६ नोव्हेंबर, सकाळी १०.५८

भाऊ, धागा वाचला का? लाईट दुपारी जाते म्हणून लिहिलंय. बटर पेपर घाटंजीच्या बाजारात विचारला तर दुकानदार पतंगीचा कागद काढून देईल.

पुण्यातला_वऱ्हाडी | १६ नोव्हेंबर, सकाळी ११.०२

बरं बाबा, माघार. पण चुकून का होईना, मुगाचं धिरडं आलं ना चर्चेत.

धुऱ्यावरची | २३ नोव्हेंबर, रात्री ९.४०

सगळ्यांचे आभार. पाटवडी झाली, लाडू झाले, दोन्ही चालले. पण एक फजिती सांगायलाच हवी.

आठ पोती सोयाबीन डोळ्यासमोर. आहारवही ताईंनी ३६ ग्रॅम लिहिलं अन् माझं डोकं फिरलं. म्हटलं, मुगाच्या धिरड्यात निम्मं सोयाबीनच घालू. रात्री भिजवलं, साडेनऊला लाईट होती तेवढ्यात वाटून घेतलं. पहाटे मोठीला दोन धिरडी करून दिली. उग्र वास येत होता, मी वरून लसूण ठेचून दाबला. ह्यांना दोन, सासूबाईंना दोन. तव्यावरचं धिरडं मधात कच्चटच होतं, पण एसटीचा हॉर्न वाजत होता.

साडेआठला सासूबाई तासावरून अर्धी ओटी कापूस घेऊन परत. हे झोपेतून उठून लोटा घेऊन दोनदा मागे गेले. मोठीचा मैत्रिणीच्या मोबाईलवरून फोन, "मम्मी, पोट." मामाजींनी पूजेमुळे खाल्लं नव्हतं ते वाचले, अन् आता दिवसभर ऐकवतात, "देव आहे."

सोयाबीन खाऊच नये का?

दळणवाली | २३ नोव्हेंबर, रात्री १०.३०

बाप्पा! कच्चं सोयाबीन कोनी खाते का ताई?

माही चक्की हाये अकोट तालुक्यात. बावीस वर्षं झाले, लोकाईचं दळण दळून राह्यली. सोयाबीन घेऊन रोज कोनी ना कोनी येते अन् म्हणते, दळून दे. मी पयले इचारते, उकळलं का? नसन उकळलं तं परत पाठवते.

नीट आयका. गंजात पाणी खळखळ उकळू द्या, मंग त्यात सोयाबीन टाका. थंड्या पाण्यात टाकून चढवू नोका. पुरे पंचवीस-तीस मिनिटं उकळा. पाणी फेका, हातानं चोळून फोतरं काढा, दोन दिवस कडक उनात वाळवा. दातानं फोडून पाहा, कट्‌ आवाज आला पाह्यजे. मंग नऊ किलो गव्हात एक किलो, अन् दोन्ही संगच दळाचे. एकटं सोयाबीन टाकलं का त्याचं तेल सुटते, पाटे चिकटतात, अन् पुढच्या बाईच्या दळणात त्याचा वास जाते. मंग थे माह्याशी भांडते.

त्या कनकेच्या पोळ्या करा, कोनाले समजत बी नाई.

अन् एक गोष्ट, हात जोडून सांगते. पेरणीतून उरलेलं बियाण्याच्या थैलीतलं सोयाबीन खाण्यात घेऊ नोका. त्याले औषध लावलेलं असते, लाल-गुलाबी दिसते. धुतलं तरी नोको. घरचंच बियाणं असन अन् पेराच्या टायमाले तुम्हीच औषध चोळलं असन, तं थे पोतं कोनतं, हे पयले घरधन्याले इचारा.

आहारवही | २४ नोव्हेंबर, सकाळी ६.५०

दळणवाली मावशींनी सगळं सांगितलं. कच्च्या सोयाबीनमध्ये प्रोटीन पचू न देणारा एक घटक असतो, तो उष्णतेने मरतो. उग्र वासही उकळत्या पाण्यानेच जातो. नऊला एक या प्रमाणात किलोभर कणकेतलं प्रोटीन साधारण वीस-पंचवीस ग्रॅमने वाढतं. थोडं वाटतं, पण दोन वेळच्या पोळ्यांतून रोज जातं, आणि सकाळी वेगळं काही करावं लागत नाही.

बाजारात सोयावडी मिळते, ती तेल काढलेल्या पेंडीची. कोरड्या १०० ग्रॅमला ५० च्या वर प्रोटीन. गरम पाण्यात फुगवा, दोनदा घट्ट पिळा, कांद्यावर परता. ती सगळ्यात सोपी.

धुऱ्यावरची | २४ नोव्हेंबर, दुपारी १.१५

सासूबाईंना मावशींचा निरोप वाचून दाखवला. म्हणाल्या, "तिले म्हणा, चक्की घाटंजीले आण."

आमच्याकडे तीन पोती वेगळी काढलेली निघाली, बियाण्याची. औषध अजून लावलं नव्हतं, पण त्यावर कोळशाने फुली मारून ठेवली.

सून_नंबर_दोन | २४ नोव्हेंबर, रात्री ११.३५

रागावू नका, पण मला एक बोलायचं आहे. सगळा धागा वाचला. "रात्री भिजवा", "रात्री वाटा", "स्वयंपाक झाला की त्याच शेगडीवर". म्हणजे सकाळचं ओझं उचलून रात्री दहावर ठेवलं, अन् बाई तीच. ताई दिवसभर वेचणीत वाकलेल्या, मग भांडी, मग भिजवा-वाटा. पाच जणांच्या पाच वेळा ताईंनीच का सांभाळायच्या?

पाटवडी_प्रेमी | २५ नोव्हेंबर, सकाळी ७.२०

मी पाटवडी स्वतः करतो हे नोंदवू इच्छितो.

सून_नंबर_दोन | २५ नोव्हेंबर, सकाळी ७.२४

रोज करता की धाग्यात करता?

पाटवडी_प्रेमी | २५ नोव्हेंबर, सकाळी ७.४०

महिन्यातून दोनदा. 🙏

दळणवाली | २५ नोव्हेंबर, दुपारी ३.००

सून बरोबर बोलून राह्यली. आमच्या सासूच्या टायमाले रात्रीचं वाटण नव्हतंच. चैत-वैशाखात सारं कोरडं करून ठेवत. मुंगवड्या, सांडगे, भाजणी, सातू. महिनाभर मरमर, मंग वर्षभर डब्यात हात घालाचा. अन् मरमर करताना सारी आळी खाटेभोवती. आता बाया एकएकट्या, अन् रोजच भिजवून राह्यल्या.

तुम्ही कोरडं करा ताई. ओल्याले लाईट लागते, फ्रिज लागते, रात्र लागते. कोरड्याले एक दुपार अन् चक्की.

धिरड्याचं पीठ सांगते: दोन किलो मुंगाची दाळ, एक किलो चन्याची दाळ, अर्धा किलो तांदूळ, वंजळभर धने, दोन चमचे जिरं. दाळी कढईत गरम होईलोक भाजा, रंग बदलू देऊ नोका. जरा रवाळ दळा. सकाळी पाणी, मीठ, मिरची, सांभार. दहा मिनिटं फुगू द्या अन् तव्यावर टाका. दोन महिने तरी राहते. थे पोट्टी सोता बी करू शकते, सतरा वर्षाची हाये.

जवसफुल | २५ नोव्हेंबर, दुपारी ३.३०

मावशी, या शेवटच्या वाक्याला माझ्याकडून डझनभर लाडू.

नागपुरी_तर्री | २५ नोव्हेंबर, संध्याकाळी ७.०५

उकडपेंडीचंही असंच कोरडं करता येतं. जाडसर दळलेली कणीक तीन वाट्या, भाजून भरड काढलेली मूगडाळ एक वाटी, दोन्ही मंद आचेवर खमंग भाजून डब्यात. सकाळी फक्त कांद्याची फोडणी अन् ताक.

अन् मेतकूट विसरू नका. माळकरी मामाजींना पूजेनंतर गुरगुट्या भात, वर मेतकूट, तूप. नऊ वाजता आणखी काय पाहिजे माणसाला?

धुऱ्यावरची | १८ जानेवारी, रात्री ८.५०

मकर संक्रांत झाली, तिळगूळ घ्या. दोन महिन्यांनी लिहिते आहे, कारण वेचणीत मोबाईल हातात घ्यायलाही सवड नव्हती.

सध्याचं चित्र सांगते. डिसेंबरात एका रविवारी आम्ही चौघी जावा-शेजारणींनी मिळून धिरड्याचं पीठ अन् उकडपेंडीचं मिश्रण केलं. एकीच्या अंगणात चूल मांडली, दुसरीची मोठी कढई, तिसरीचा मुलगा गाडीवर दळण घेऊन चक्कीला. चौघींना मिळून चौदा किलो. माझ्या वाट्याचं पत्र्याच्या डब्यात, वर कडुनिंबाचा वाळलेला पाला.

सून_नंबर_दोन, तुमचं बोलणं मी ह्यांना मोठ्याने वाचून दाखवलं. काही बोलले नाहीत. दोन दिवसांनी रात्रपाळीवरून पाचला आले तर मला कुकरच्या शिट्टीने जाग आली. मी झोपतानाच चना भिजवून ठेवला होता, तो ह्यांनी कुकरला लावला. मीठ टाकलंच नव्हतं, अन् पाणी इतकं की चना पोहत होता. पण लावला. आता रात्रपाळीच्या आठवड्यात चना त्यांच्याकडे, मीठ माझ्याकडे. मोठी साडेपाचला उठून आपली दोन धिरडी आपण टाकते, एक डब्यात, एक तोंडात. लहान्याला ती आवडत नाहीत, त्याला उकडपेंडी लागते, दह्यासोबत.

अंड्याचं पण जमलं. मामाजींमुळे घरात चालत नाही. मागच्या चुलीवर वेगळं गंज ठेवलं, सासूबाईंनीच काढून दिलं. म्हणाल्या, "यांच्या माळेले मागचं दिसत नाई." सहा अंडी एकदम उकडते, त्याच दिवशी संपवतो.

मोठीला आरोग्य केंद्रातून गोळ्या सुरू झाल्या. परवा पुन्हा तपासलं, १०.८. गोळीनंतर चहा बंद केला, त्यावरून रोज भांडण. अंधारी मात्र येत नाही म्हणते.

आहारवही | १८ जानेवारी, रात्री ९.३०

१०.८! छान. गोळ्या चालू ठेवा, थांबवू नका.

भरतीवाला | १८ जानेवारी, रात्री १०.०२

माहं पोट बंद झालं गुडगुडायचं. सोळाशे मीटरचा टाईम बी सुधारला. उकडलेला चना, दोन अंडे, दोन पोळ्या.

मुंगवडी | २१ एप्रिल, दुपारी १२.१०

धागा वर काढते, माफ करा. चंद्रपूरहून. मी धिरडी रात्री भिजवून-वाटूनच करते, पीठ नाही. थंडीत छान झाली. परवा रात्री दहाला वाटून ठेवलं, पहाटे पाचला झाकण उघडलं तर पीठ गंजाच्या बाहेर, आंबूस वास. इथे सध्या रात्रीसुद्धा अंगातून घाम निथळतो. सोडा टाकून वापरलं तर चालेल का?

जवसफुल | २१ एप्रिल, दुपारी १२.४०

नुसतं आंबट असेल तर डोशासारखं खाता येतं, पण वास आला अन् तार सुटत असेल तर गायीलाही नको. सोड्याने वास दबतो, नासलेलं परत येत नाही. मोडाचंही तेच. एप्रिल-मेमध्ये मटकी फडक्यात बारा तासांवर ठेवली की बुळबुळीत होते, मधात दोनदा धुवा. काहींना वाटतं मोड आल्यावर प्रोटीन दुप्पट होतं, तसं काही नसतं. पाणी शोषून वजन वाढतं. पचायला हलकं होतं, तो फायदा मात्र मोठा आहे.

मुंगवडी | २१ एप्रिल, दुपारी १.००

तार सुटत होती. फेकलं. अर्धा किलो मूग गेला, जीव हळहळला.

दळणवाली | २१ एप्रिल, दुपारी ४.२०

तुह्यं नाव मुंगवडी अन् मुंग ओला ठेवून राह्यली? हे ऊन काहाले तापून राह्यलं मंग? मुंगाची दाळ भिजव, घट्ट वाट, पाणी टाकू नोको. हिरवी मिरची, लसूण, जिरं. धोतराच्या जुन्या फडक्यावर बोराएवढ्या वड्या टाक. चार दिवस गच्चीवर. वड्या वाजल्या पाह्यजे डब्यात. पावसाळ्यात सकाळी मूठभर वड्या तेलावर परतव, कांदा, आलू, पोह्यात टाक. भाजीवाला नसला तरी नाश्ता होते.

मुंगवडी | २१ एप्रिल, संध्याकाळी ५.१५

मावशी, उद्याच भिजवते. पण गच्चीवर वानरं येतात, काय करू?

दळणवाली | २१ एप्रिल, संध्याकाळी ५.३०

पोट्टे बसव काठी घेऊन. परीक्षा झाल्या न त्याईच्या?

धुऱ्यावरची | २१ एप्रिल, रात्री ९.१०

माझं पीठ संपत आलं, पुढच्या रविवारी पुन्हा चौघींचा घाट. या वेळी पाचवी जाऊ पण येते म्हणाली. नागपुरी_तर्री, उकडपेंडीच्या दोन वाट्या पिठाला ताक नक्की किती? माझी एकदा शिऱ्यासारखी होते, एकदा भुसभुशीत.

नागपुरी_तर्री | २१ एप्रिल, रात्री ९.३५

दोन वाट्यांना दीड वाटी, पण एकदम ओतू नका. हाताने शिंपडत जा, सराट्याने मोकळी करत जा. सगळं ताक आत गेलं की झाकण, मंद आचेवर पाच मिनिटं. ताक पातळ अन् आंबट हवं, घट्ट असेल तर निम्मं पाणी. मूठ वळली अन् बोटाने दाबल्यावर फुटली की उतरवा.